विज्ञानकथेतील कसब आणि प्रगत समाजाची धारणा : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेच्या अनुषंगाने

१

मराठीत विज्ञानकथा हा वाङ्मयप्रकार स्थिरावल्यास आता अर्धशतक लोटले आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली व तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या वाङ्मयाची जी समीक्षा झाली, तिने मुख्यतः दोन प्रश्न विचारले. कथेतील विज्ञान शुद्ध आहे काय, हा पहिला. आणि विज्ञान वजा केले असता कथा म्हणून काही उरते काय, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. तथापि विज्ञानकथा ज्या समाजाचे चित्र रेखाटते, तो समाज रोजच्या रोज चालतो कोणाच्या बळावर, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला गेला. यंत्र शोधणारा कथेत असतो. यंत्र चालविणारा, त्याची निगा राखणारा आणि ते बिघडल्यास पुन्हा उभे करणारा बहुधा पडद्याआडच राहतो.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे. अरबीतून आलेला ‘कसब’ हा शब्द कारागिराच्या हातात मुरलेल्या ज्ञानाचा वाचक आहे. ‘ज्ञान’ ग्रंथात साठविता येते. कसब मात्र माणसामाणसांतच नांदते, व एका पिढीने ते दुसरीस दिले नाही तर ग्रंथ शाबूत असूनही नाहीसे होते. प्रगत समाज टिकण्यास, आणि उद्या मनुष्याने पृथ्वीबाहेर वसती केल्यास ती टिकण्यास, या कसबाचे स्थान कोणते, व मराठी विज्ञानकथेने त्याची कितपत दखल घेतली, याचा विचार नारळीकरांच्या एका प्रसिद्ध कथेच्या आधारे येथे करावयाचा आहे.

२

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचा नायक इतिहासाचा प्राध्यापक आहे. एका अपघातानंतर तो अशा जगात वावरू लागतो, की जेथे १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा जय झाला आहे. मुंबईस कंपनी सरकारचा कारभार अद्याप चालू असल्याचे पाहून तो चक्रावतो व एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाचे ग्रंथ चाळू लागतो. त्याला आढळते ते हे, की विश्वासरावास लागलेली गोळी या जगात त्याला निसटती चाटून गेली, आणि तेवढ्या फरकाने लढाईचा निकाल फिरला. ‘दि ॲडव्हेंचर’ या नावाने ही कथा इंग्रजीत गेली आणि अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातही समाविष्ट झाली. त्यामुळे मराठीबाहेरही तिचा मोठा वाचकवर्ग आहे.

कथेची सर्वसाधारण चर्चा या गोळीपाशीच थांबते. पुंजवाद व आपत्ती-सिद्धांत यांच्या आधारे लेखकाने अखेरीस जो उलगडा केला आहे, त्यानेही वाचकाचे लक्ष योगायोगाकडेच वेधले जाते. परंतु गंगाधरपंत वाचतात त्या इतिहासात गोळीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे असे एक विधान आहे. जयानंतर पुण्याच्या राज्यकर्त्यांनी युरोपात उदय पावणाऱ्या यंत्रयुगाचे मर्म ओळखले, विज्ञान व तंत्र यांची स्वतःची केंद्रे उभारली, आणि कंपनीने साह्य व तज्ज्ञ देऊ केले असता ते स्वीकारले. मात्र आपली केंद्रे स्वावलंबी व्हावीत एवढ्यापुरतेच.

कथेतील पर्यायी इतिहासाचा सगळा भार या एका विधानावर आहे. पानिपतच्या जयाने फार तर काही वर्षांची उसंत मिळाली असती. एका लढाईतील यशाने राज्य दीडशे वर्षे टिकत नाही. ते टिकवावयास तोफा ओतणारे, नकाशे काढणारे, हिशेब तपासणारे आणि या सर्वांस शिकविणारे लागतात. लेखकास याची जाणीव होती याचा दुसरा पुरावा त्याच इतिहासात आहे. विसाव्या शतकापर्यंत पेशव्यांची उद्यमशीलता ओसरते आणि त्यांची जागा हळूहळू लोकनियुक्त मंडळे घेतात, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे कर्तबगारी वंशाबरोबर उतरत नाही, हेही कथेने मान्य केले आहे. योगायोगाची म्हणून गाजलेली ही कथा खोल पाहता क्षमतेची कथा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

३

या उपपत्तीची कसोटी प्रत्यक्ष इतिहासावर लावून पाहणे उद्बोधक ठरेल. परकीय कसबाचे महत्त्व मराठ्यांनी ओळखले नव्हते, असे नाही. पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूने फ्रेंच पद्धतीची शिस्त शिकलेला इब्राहिमखान गारदी लढत होता. त्याच रणात जखमी झालेल्या महादजी शिंद्यांनी पुढे १७८४ मध्ये द बॉयन यास चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभारल्या. १७९५ मध्ये द बॉयन परतला व त्याच्या जागी पेराँ आला.

या धोरणाची परीक्षा मराठवाड्याच्याच भूमीवर झाली. आज जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात असलेल्या असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीची शिंदे व भोसले यांच्या सैन्याशी गाठ पडली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी त्या दिवशी इंग्रज फौजेची भयंकर हानी केली व अनेक जण तोफेपाशीच मरण पावले. तोफ चालविण्याचे कसब येथील माणसांच्या अंगी पुरेपूर मुरले होते, हे यावरून सिद्ध होते. परंतु त्या कवायती पायदळाचे नेतृत्व पोहलमान या हॅनोव्हरच्या माणसाकडे होते. युद्धाच्या तोंडावर इंग्रजांनी केलेल्या आवाहनामुळे शिंद्यांचे कित्येक युरोपीय अधिकारी नोकरी सोडून गेले होते, आणि उत्तरेत खुद्द पेराँ त्याच महिन्यात इंग्रजांच्या आश्रयास गेला.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो कथेतील विधानास पूरक आहे. कसबाचे दोन थर असतात. एक थर काम करण्याचा, दुसरा काम शिकविण्याचा व त्याची आखणी करण्याचा. शिंद्यांनी पहिला थर आपलासा केला. दुसरा भाड्याने घेतला व भाड्यानेच ठेवला. अधिकारी घडविणारी शाळा वीस वर्षांत उभी राहिली नाही. त्यामुळे कसबी शिपाई असूनही कसबाचा झरा दुसऱ्याच्या अंगणात राहिला. नारळीकरांच्या पर्यायी पुण्याने नेमके हेच टाळले आहे.

मग कथेतील उणीव कोणती? ती ही, की इतिहासातील सर्वांत अवघड गोष्ट तेथे दोन-चार वाक्यांत उरकली आहे. ती केंद्रे कोणी चालविली, शिकावयास कोण आले, कोणास दार बंद होते, शिकविण्याची भाषा कोणती होती, पहिल्या पिढीच्या चुका कोणी निस्तरल्या, यांविषयी कथा मौन पाळते. लघुकथेच्या मर्यादेत हे अपरिहार्य होते असे समर्थन करता येईल. आणि एका कथेपुरते ते मान्यही करावे लागेल. परंतु ही उणीव एकट्या या कथेची नाही. शोधाचा क्षण रंगवावयाचा आणि निगराणीची वर्षे गाळावयाची, ही एकंदर विज्ञानकथेचीच सवय आहे.

४

या सवयीचे परिणाम अंतराळवसतीच्या कल्पनेत अधिक ठळकपणे दिसतात. पृथ्वीवर हवा फुकट मिळते. अंतराळात ती तयार करावी लागते. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूरचे उदाहरण घ्यावे. गावचा पंप बिघडला तर लोकांचे हाल होतील, परंतु सहस्रकुंडावरून कोसळणारी पैनगंगा जवळ आहे, विहिरी आहेत, शेजारची गावे आहेत. निसर्ग व शेजार हे दोघे मिळून माणसाच्या अकार्यक्षमतेस काही काळ पोटात घालतात. चंद्रावरील वा मंगळावरील वसतीस पैनगंगा नाही व शेजारही नाही. तेथे पंपाची झडप बसविणारा हात चुकला तर त्या चुकीस सावरून घेणारे काहीच नसते.

याविषयी प्रत्यक्ष प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर २’ या काचबंद वास्तूत सप्टेंबर १९९१ ते सप्टेंबर १९९३ अशी दोन वर्षे ८ माणसे राहिली. अन्न, पाणी व हवा आतल्या आतच निर्माण व्हावी, अशी योजना होती. परंतु हवेतील प्राणवायूचे प्रमाण २०.९ टक्क्यांवरून सुमारे १४.५ टक्क्यांपर्यंत उतरले व अखेर बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. खतावलेल्या मातीतील सूक्ष्म जीव प्राणवायू वापरून कर्बद्विप्राणिल वायू सोडीत होते, आणि तो वायू वनस्पतींनी घ्यावयाचा तर वास्तूच्या काँक्रीटनेच त्यातील बराचसा शोषून घेतला. रचनाकारांजवळ विद्वत्तेची वाण नव्हती. माती व काँक्रीट यांच्याशी दीर्घकाळच्या सहवासाने येणारी जाण तेवढी कमी पडली.

दुसरे उदाहरण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे. २ नोव्हेंबर २००० पासून तेथे मनुष्यवस्ती अखंड आहे. वापरलेल्या पाण्यापैकी ९८ टक्के पाणी परत मिळविण्याचा टप्पा २०२३ मध्ये गाठला गेला. हे यश दुरुस्तीचे आहे. स्थानकावरील माणसांच्या दिवसाचा मोठा भाग यंत्रांच्या देखभालीत जातो, त्यांच्या पाठीशी पृथ्वीवरील नियंत्रणकक्ष रात्रंदिवस जागे असतात, आणि मालवाहू याने वेळोवेळी सुटे भाग पोहोचवितात. हा आधार काढून घेतला तर सात माणसांची ती वसती फार काळ तग धरू शकणार नाही.

तिसरे उदाहरण विस्मरणाचे आहे. ज्या ‘सॅटर्न ५’ अग्निबाणाने १९६९ मध्ये मनुष्यास चंद्रावर नेले, त्याचे आराखडे जपून ठेवण्यात आले होते. तरीही त्याचे ‘एफ-१’ हे इंजिन समजून घेण्यास २०१३ च्या सुमारास नासाच्या तरुण अभियंत्यांना जुने इंजिन उलगडून पाहावे लागले. प्रत्येक इंजिन जुळविताना कारागिरांनी जे बारीकसारीक फेरफार केले, ते कागदावर उतरले नव्हते. चंद्रावर जाणाऱ्या राष्ट्रासही कसबाचा धागा तुटल्याचे मोल द्यावे लागते, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

५

असे विस्मरण जवळही घडलेले आहे. इस्लापूर हे नाव भारताच्या कायद्यात एका विशिष्ट संदर्भात आले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यात हैदराबाद राज्यातील जो प्रदेश मुंबई राज्यात घालण्यात आला, त्यात अदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा या तालुक्यांबरोबर बोथ तालुक्याच्या ‘इस्लापूर सर्कल’चा स्वतंत्र उल्लेख आहे. कायद्याच्या एका ओळीने राज्य बदलले, पुढे १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्रात आले. दप्तर मात्र एका ओळीने बदलत नाही. निजामी राजवटीची राज्यभाषा उर्दू होती. जुन्या महसुली नोंदी उर्दूत व मोडीत होत्या. राज्य मराठी झाले हे न्याय्यच होते. परंतु जुने दप्तर वाचण्याचे कसब पुढील पिढीस द्यावयाचे राहून गेले. मोडी लिपीही शाळांतून गेली.

याचा प्रत्यय २०२३ मध्ये आला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्याचे काम शासनाने हाती घेतले, तेव्हा मोडी व उर्दू वाचू शकणारे जाणकार शोधण्याची वेळ आली. त्या नोंदींवरून काय ठरावे हा वादाचा विषय आहे व तो येथे अप्रस्तुत होय. प्रस्तुत आहे ते एवढेच, की कागद सुस्थितीत होते, वाचणारे उरले नव्हते. आणि त्या कागदांवर असंख्य कुटुंबांचे हक्क अवलंबून होते. पाऊणशे वर्षांत एक समाज स्वतःच्याच दप्तरापुढे निरक्षर होऊ शकतो. तेव्हा शंभर माणसांच्या मंगळवसतीत एका पिढीच्या दुर्लक्षाने काय होईल, याचा अंदाज बांधण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही.

६

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अवश्य आहे. कसबाची महती गाणारे विवेचन बहुधा ‘लायकी’च्या भाषेकडे झुकते, आणि त्या भाषेने आजवर अनेकांस दाराबाहेर ठेवले आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात वर्णिलेली बलुतेदारी एका दृष्टीने कसबाची तरतूदच होती. गाव चालण्यास जे जे हुन्नर लागतात, ते बारा बलुतेदारांच्या रूपाने गावात हजर असत. अंतराळवसतीची आखणी करणारेही, थोड्या माणसांत किती हुन्नर बसवावे लागतील, हाच हिशेब करीत असतात. परंतु बलुतेदारीने हुन्नर जन्माशी जखडला. परिणामी ज्याच्या अंगी गुण त्याच्या हाती काम, असे झाले नाही. नव्या हुन्नरास जागा राहिली नाही. आणि लेखनवाचनाचे कसब बहुसंख्यांस नाकारले गेले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे व ती व्यक्तीच्या नैसर्गिक गुणांवर आधारलेली नाही, हा डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केलेला युक्तिवाद या संदर्भात निर्णायक आहे. जन्मावर आधारलेली व्यवस्था न्यायाच्या कसोटीवर जशी उतरत नाही, तशी ती कार्यक्षमतेच्या कसोटीवरही उतरत नाही.

सारांश, कसबाचे महत्त्व मानणे म्हणजे कसबी माणसांचा बंदिस्त वर्ग मानणे नव्हे. ज्या समाजात शिकणाऱ्यांची संख्या मोठी, त्यातच एक जाणकार गेल्यास दुसरा उभा राहण्याची शक्यता मोठी. गंगाधरपंतांच्या पर्यायी पुण्यात केंद्रे सर्वांस खुली होती की मूठभरांस, हा प्रश्न म्हणूनच गौण नाही. मूठभरांस असती तर ती फार काळ स्वावलंबी राहिली नसती, आणि कथेतील पुढचा इतिहास असंभाव्य ठरला असता. कथेने हा प्रश्न अनुत्तरित ठेवला, ही तिची कलादृष्ट्या नव्हे तर विचारदृष्ट्या मर्यादा होय.

७

या मर्यादेचे उत्तर नारळीकरांच्या कथांत नसले तरी त्यांच्या कार्यात सापडते. १९८८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘आयुका’ हे आंतरविद्यापीठ केंद्र स्थापन झाले. देशभरच्या विद्यापीठांतील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी तेथे यावे, शिकावे, आणि परत जाऊन आपापल्या ठिकाणी शिकवावे, हा त्या केंद्राचा मूळ हेतू आहे. शिंद्यांच्या पलटणींत जो दुसरा थर उभा राहिला नाही, तो येथे जाणीवपूर्वक उभारला गेला. कथेतील विधान लिहिणाऱ्याने ते स्वतःच्या हयातीत एका क्षेत्रापुरते खरे करून दाखविले. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले. केंद्राचे काम चालू आहे, आणि संस्थेची खरी कसोटी हीच असते.

या केंद्राचा सहभाग असलेली ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभी राहावयाची आहे. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, व एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. काटकोनात असलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. गुरुत्वीय तरंगांमुळे या लांबीत जो फरक पडतो तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. असे मोजमाप करावयाचे तर किलोमीटर लांबीच्या नळ्यांतील निर्वात वर्षानुवर्षे टिकविला पाहिजे, आरशांची निगा राखली पाहिजे, आणि जमिनीचा किंचितसा कंपही ओळखता आला पाहिजे. ही कामे शोधनिबंधांवर ज्यांची नावे येतात त्यांच्याइतकीच, ज्यांची येत नाहीत त्यांच्याही हातून व्हावयाची असतात. हिंगोली, नांदेड, परभणी येथील तंत्रनिकेतनांतून व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून निघालेल्या मुलामुलींस त्या वेधशाळेत दुसऱ्या थरापर्यंत, म्हणजे शिकविण्याच्या व आखणीच्या कामापर्यंत, पोहोचता येईल काय, यावर ती वेधशाळा मराठवाड्यात असेल की मराठवाड्याची असेल, हे ठरेल.

मराठी विज्ञानकथेपुढील कार्यही यातून स्पष्ट होते. शोध लावणाऱ्या प्रतिभावंताची कथा तिने उत्तम रीतीने सांगितली आहे. आता अशा माणसाची कथा लिहिली जाणे अवश्य आहे, की ज्याने काहीच शोधले नाही, परंतु ज्याच्यामुळे वसतीतील दिवा विझला नाही. आणि त्याने आपले काम कोणास शिकविले, हा तिचा कथाबीजाइतकाच महत्त्वाचा भाग असावा. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत त्या कथेची एक ओळ आधीच आहे. पुढील लेखकांनी तिचा विस्तार करावा, व समीक्षकांनी गोळीवरून दृष्टी काढून त्या ओळीकडे वळवावी, एवढेच या विवेचनाचे प्रयोजन आहे.